टोमण्याला ओळख लागते

दहावीला बावन्न टक्के मिळालेलं पोरगं पेढ्यांचा पुडा घेऊन गल्लीत फिरायला लागलं, की निवृत्ती चौकातल्या एखाद्या कट्ट्यावरून हमखास हाक येते, ‘बोर्डात आलास की रं मर्दा!’ पोरगं ओशाळतं, हसतं आणि पुडा पुढे करतं. हाक मारणाऱ्यानं आपली फजिती केली असं त्याला वाटत नाही, आजूबाजूच्यांनाही वाटत नाही. अकरावीच्या प्रवेशाला अडचण आली तर हाच माणूस आपल्याला गाडीवर मागे बसवून न्यू कॉलेजात घेऊन जाणार, हे पोराला ठाऊक असतं. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेचं बोलणं पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं आहे. इथे कौतुक उलटं बोलून होतं, काळजी दम देऊन होते आणि जवळच्या मित्रानं नुसत्या नावानं हाक मारली तर काही बिनसलं का, अशी शंका येते. बाहेरून आलेल्याला हे बोलणं आडदांड वाटतं. पण बोलणारा कुणाचा कोण, त्याचं घर कुठलं, वेळेला तो धावून येतो की नाही, याचा सगळा हिशेब ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो आणि त्या हिशेबाच्या जोरावरच टोमणा गोड लागतो. अशा टोमण्याशी भांडण असायचं कारण नाही. तो कट्टा सोडून फोनच्या पडद्यावर गेला आणि तिथून परत फिरून घराघरातल्या साध्या बोलण्यावर येऊन बसला, त्यानं आपलं काय नुकसान होतं आहे, हा खरा प्रश्न आहे.

नुकसान पहिल्यांदा दिसतं ते कौतुकाच्या शब्दांत. ‘जगात भारी’, ‘नाद खुळा’, ‘विषय हार्ड’ हे बोल कोल्हापूरच्या तोंडी रुळले आणि साऱ्या महाराष्ट्रात पसरले. मिसळ जमली, पैलवानानं अवघड डाव मारला, मंडळाची मूर्ती देखणी आली, की ते मनापासून यायचे. आज रस्त्यात खड्डा दिसला तरी ‘जगात भारी’, तासभर वीज गेली तरी ‘नाद खुळा’, बँकेचा सर्व्हर बंद पडला तरी ‘विषय हार्ड’. उलट्या अर्थानं बोलायची सवय मराठीला नवी नाही. दिवे लावले, उजेड पाडला, पराक्रम केला हे सरळ अर्थानं आता कुणी म्हणतही नाही. पण अशा मोजक्या शब्दांच्या शेजारी सरळ कौतुकाचे पुष्कळ शब्द शाबूत असायचे. आता तेही दुहेरी होत चालले आहेत. पेठेतल्या एखाद्या मुलीनं स्पर्धा परीक्षेत यश मिळवलं आणि गल्लीच्या ग्रुपवर ‘नाद खुळा’ पडलं, तर हे खरं की खवचट, असं तिला क्षणभर तपासावं लागतं. शेली ड्यूज आणि एलन विनर या अमेरिकी संशोधकांनी १९९५ मध्ये उपरोधाचा अभ्यास केला, तेव्हा त्यांना दिसलं की उलट बोलल्यानं टीकेची धार जशी बोथट होते, तसंच उलट बोलून केलेलं कौतुकही फिकं पडतं. आपण टीका सौम्य झाल्याचा फायदा मोजतो, कौतुक पातळ झाल्याचा तोटा मोजत नाही. जिथे प्रत्येक चांगल्या गोष्टीवर अर्धं हसू ठेवूनच बोलायचं असतं, तिथे चांगलं काम करणाऱ्याच्या पदरात पूर्ण शाबासकी कधी पडतच नाही.

उपरोध कळायला काय काय लागतं, हे नीट पाहिलं तर फोनवर तो का फसतो ते लक्षात येतं. ‘लई मोठं काम केलंस भावा’ हे वाक्य घ्या. कट्ट्यावर ‘लई’ लांबवलं जातं, भुवई वर जाते, हात खांद्यावर पडतो आणि त्या हाताच्या वजनावरून ऐकणाऱ्याला पुढचं सगळं समजतं. मध्येच त्याचा चेहरा पडलेला दिसला तर बोलणारा तिथल्या तिथे सुधारतो, ‘चल, चहा घेऊ’ म्हणतो. पडद्यावर शब्द तेवढे उरतात. अमेरिकेत जस्टिन क्रूगर, निकोलस एप्ली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना काही वाक्यं गंभीरपणे आणि काही उपरोधानं पाठवायला सांगितली होती. आपला सूर समोरच्याला सुमारे ७८ टक्के वेळा कळेल असा पाठवणाऱ्यांचा अंदाज होता. आवाजातून सांगितलं तेव्हा तो सुमारे ७३ टक्के वेळा कळला. ईमेलवर लिहून पाठवलं तेव्हा फक्त ५६ टक्के वेळा, म्हणजे डोळे मिटून छापा-काटा केल्यापेक्षा जेमतेम थोडा बरा. याहून महत्त्वाची गोष्ट अशी, की लिहिणाऱ्यांना आपण फसलो आहोत याचा पत्ताच नव्हता. स्वतःचा आवाज स्वतःच्या डोक्यात वाजत असल्यामुळे तो समोरच्यालाही ऐकू जातो आहे, असं प्रत्येकाला वाटत राहतं.

ही अडचण संगणकावर लिहायला लागल्यापासूनची आहे. अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात १९८२ मध्ये कुणीतरी लिफ्टमध्ये पारा सांडल्याची थट्टा संगणकावरच्या सूचनाफलकावर लिहिली आणि काहींना तो खराच इशारा वाटला. त्या गोंधळानंतर १९ सप्टेंबर १९८२ रोजी स्कॉट फालमन या प्राध्यापकांनी सुचवलं, की थट्टेच्या वाक्यापुढे विरामचिन्हांचा हसरा चेहरा काढावा. इमोजी येण्याच्या आधी पडद्यावर हसू दाखवायची रीत तिथून रुळली. पण ती खूणही आता कामाची राहिलेली नाही. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा पिवळा चेहरा आज विनोदापुढे असतो, अपमानापुढे असतो, कुणाच्या पराभवापुढे असतो आणि ‘मला काही फरक पडत नाही’ हे दाखवण्यासाठीही असतो. खूण सगळीकडे लागली की ती काहीच सांगत नाही. २००५ मध्ये नेथन पो या माणसानं मांडलेली गोष्ट त्याच्या नावानं प्रसिद्ध आहे: स्पष्ट खूण नसेल तर टोकाच्या मताची नक्कल आणि खरोखर टोकाचं मत, यांत फरक करणं अशक्य होतं. आपल्याकडच्या कुठल्याही मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एखाद्या जातीविषयी, धर्माविषयी किंवा बायकांविषयी पडलेला ‘विनोद’ वाचताना हा अनुभव येतो. पाठवणारा त्या विचाराची टर उडवतो आहे की तो विचार पुढे ढकलतो आहे, हे त्याच्या शेजारच्यालाही सांगता येत नाही.

कोल्हापूरच्या फुटबॉलमध्ये हा फरक जवळून पाहता येतो. शिवाजी पेठेत शिवाजी तरुण मंडळ आणि खंडोबा तालीम, बाकीच्या पेठांत दिलबहार, पाटाकडील, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब. शाहू स्टेडियमवर सामना असला की पेठांमध्ये चिडवाचिडवी ही ठरलेलीच, आणि ती सामन्याइतकीच जुनी असावी. हरलेल्या संघाच्या माणसाला दुसऱ्या दिवशी दुधाच्या रांगेत, भाजीच्या गाडीपाशी चार शब्द ऐकावे लागणार. तो ऐकतो, परतवतो आणि पुढच्या सामन्याची वाट पाहतो. तिथे चिडवणाऱ्याला चेहरा असतो, आणि हद्दही असते. जखमी खेळाडूवर कुणी बोललं तर दोन्ही बाजूंची वडीलधारी माणसं त्याला गप्प करतात. आता सामना संपायच्या आत स्टेटस लागतात. ‘अभिनंदन, फार छान खेळलात’ एवढी एक ओळ आणि पडलेल्या गोलरक्षकाचा फोटो. तो फोटो कापला जातो, त्यावर दुसरं वाक्य चढतं, तिसऱ्या पेठेतून चौथ्या गावात जातो. तो पुढे पाठवणाऱ्यांना गोलरक्षक ठाऊक नाही, त्याची आई ठाऊक नाही, सामनाही पाहिलेला नाही. ज्याच्यावर हसलं जातं त्यानं परतवायचं कुणाला? समर्थकांच्या वादामुळे सामन्यांना गालबोट लागल्याच्या, पोलिसांनी समाजमाध्यमांवरच्या पोस्टविषयी संघांना बजावल्याच्या बातम्या कोल्हापूरला नव्या नाहीत. त्या प्रत्येक वेळी ‘नुसती मस्करी होती’ हे उत्तर ऐकू येतं. रांगेत उभं राहून केलेली मस्करी मस्करीच होती. पण हद्द सांगणारं कुणी हजर नसताना तेच शब्द दुसरं काहीतरी होतात.

इथे मराठी वाचकाच्या मनात एक रास्त आक्षेप येईल. उपरोध हे दुबळ्याचं हत्यार आहे, मराठी समाजानं ते मोठ्या सत्तांविरुद्ध वापरलं आहे, मग त्याच्यावर संशय कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे. सोळाव्या शतकात एकनाथांनी भारुडांत सुनेच्या, जोगतिणीच्या, महाराच्या तोंडून समाजाला जे ऐकवलं, ते उलट बोलूनच ऐकवलं. सासरची माणसं एकेक करून दूर व्हावीत म्हणून भवानीला नवस बोलणारी सून त्यांच्या भारुडात आहे. ऐकणारे हसतात, आणि शेवटाकडे येताना तिला संसाराच्या बंधनातून सुटायचं आहे हे सगळ्यांना कळतं. शिवराम महादेव परांजपे यांनी १८९८ मध्ये ‘काळ’ साप्ताहिक सुरू केलं आणि इंग्रज सरकारची स्तुती करत करत त्याचं वस्त्रहरण करण्याची अशी शैली घडवली, की मराठी गद्यात उपरोध म्हटला की आजही पहिलं नाव त्यांचं निघतं. सरळ लिहिलं असतं तर अंक जप्त झाला असता. उलट लिहूनही सरकारला ते कळलंच. १९०८ मध्ये राजद्रोहाच्या खटल्यात त्यांना १९ महिन्यांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांच्या निबंधांच्या पुस्तकांवर बंदी आली. आता या दोघांमध्ये समान काय आहे ते पाहावं. एकनाथांना काय हवं होतं याबद्दल ऐकणाऱ्याला शंका नव्हती. परांजप्यांना स्वराज्य हवं होतं याबद्दल त्यांच्या वाचकाला शंका नव्हती, न्यायाधीशालाही नव्हती. उलट्या वाक्याच्या खाली एक सरळ वाक्य घट्ट बसलेलं होतं आणि त्या सरळ वाक्याची किंमत मोजायला लिहिणारा तयार होता. आज दिवसभरात आपल्यापर्यंत येणाऱ्या खवचट ओळींपैकी किती ओळींच्या खाली असं वाक्य सापडेल? पुष्कळदा खणत गेलं तर आणखी एक खवचट ओळच लागते. नाव नाही, मागणी नाही, आणि काही अंगाशी आलं तर ‘तसं म्हणायचं नव्हतं’ म्हणायची सोय आधीपासूनच केलेली. परांजप्यांच्या उपरोधाचं नाव सांगून या गोष्टीचं समर्थन करणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

दुसरा आक्षेप विनोदप्रेमींचा. मराठी माणसाला हसायला ज्यांनी शिकवलं त्यांचं सगळं भांडवल तिरकसपणाच होतं, असं म्हटलं जातं. आचार्य अत्र्यांचं उदाहरण यासाठी हमखास दिलं जातं, आणि तेच उदाहरण इथे नीट वाचायला हवं. १९२५ साली ‘झेंडूची फुले’ आलं आणि रविकिरण मंडळाच्या कवितेतल्या लकबींची अत्र्यांनी अशी विडंबनं केली, की ती मूळ कवितांइतकी लोकांच्या तोंडी बसली. याच माणसानं १९५३ मध्ये साने गुरुजींच्या ‘श्यामची आई’वर चित्रपट काढला. त्यात आईच्या मायेवर कुठेही तिरका डोळा नाही, भाबडेपणाची लाज नाही. त्या चित्रपटाला १९५४ च्या पहिल्याच राष्ट्रीय पुरस्कारांत राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. पुढे १९५६ मध्ये ‘मराठा’ दैनिक काढून संयुक्त महाराष्ट्रासाठी ते रोज उघड्या आवाजात बोलले. थट्टा करताना अत्रे कुणाचीही गय करत नसत, पण त्यांना काय प्रिय आहे हे महाराष्ट्राला तोंडपाठ होतं. म्हणून त्यांची थट्टा अंगावर घेता यायची. आजच्या खवचटपणाला एकच भाषा येते. तो श्यामच्या आईवर मीम करील, पण तिच्यासाठी एक साधं वाक्य लिहायची वेळ आली तर त्याला कानकोंडं होतं. अमेरिकी लेखक डेव्हिड फॉस्टर वॉलेस यांनी १९९३ मध्ये टीव्हीविषयीच्या निबंधात हीच काळजी मांडली होती: खोटेपणा उघडा पाडायला उपरोध फार उपयोगी, पण उघडा पाडून झाल्यावर त्या जागी काय उभारायचं, हे त्याला सांगता येत नाही.

तिसरा आक्षेप मला सर्वांत वजनदार वाटतो. तो असा, की सरळ बोलण्याचा बाजार आधी दुसऱ्यांनीच मांडला. रंकाळ्याकडे जाताना चौकाचौकात वाढदिवसाचे फ्लेक्स पाहा. कार्यसम्राट, युवकांचं आशास्थान, भावी नगरसेवक, गोरगरिबांचा कैवारी. मोठे मोठे शब्द, त्यांच्याखाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट आकाराचे पन्नास चेहरे, आणि त्यातल्या एकाही शब्दावर शुभेच्छुकांचाही विश्वास नाही. श्रद्धांजलीचे ठरावीक संदेश, पुरस्कारांची भाषणं, जाहिरातीतली देशभक्ती, निवडणुकीतले अश्रू. इतकं सगळं खोटं गांभीर्य अंगावर येत असेल तर तरुण पोरगं ‘कार्यसम्राट’ हा शब्द गल्लीतल्या कुत्र्याला वापरणारच. ही प्रतिक्रिया निरोगी आहे, सुरुवातीला तरी. अडचण अशी, की फ्लेक्सवरचं खोटं कौतुक आणि ग्रुपवरचं खोटं तुच्छतेचं हसू, दोन्हींत शब्द आणि करणी यांची ताटातूट झालेली असते. फ्लेक्स लावणाऱ्याला ‘कैवारी’ सिद्ध करायचं नसतं आणि हसणाऱ्याला पर्याय सांगायचा नसतो. त्यामुळे नेत्यांना या थट्टेची भीती उरलेली नाही. ते स्वतःवरची मीम्स स्वतःच वाटतात, प्रचारासाठी तसं लिहिणारी पोरं पगारावर ठेवतात. ज्याच्यावर हसायचं तोच हसवण्याचा खर्च उचलत असेल, तर त्या हसण्यानं त्याचं काय बिघडणार?

रस्त्यांवरच्या खड्ड्यांचं उदाहरण यासाठी पुरेसं आहे. महाराष्ट्रातल्या शहरांत खड्ड्यांचे वाढदिवस झाले, केक कापले गेले, खड्ड्यांत झाडं लावली गेली. २०१७ मध्ये मुंबईत आरजे मलिष्का यांचं खड्ड्यांवरचं विडंबनगीत घराघरात पोचलं आणि त्यानंतर महापालिकेनं त्यांच्या घरी डासांच्या अळ्या सापडल्याची नोटीस धाडली. म्हणजे ते गाणं लागलं होतं, आणि पहिल्यांदा अशी कल्पना लढवणाऱ्यांचं धैर्य नाकारायचं कारण नाही. पण दर पावसाळ्यात तीच कल्पना फिरून आली की तिचा उत्सव होतो. फोटो निघतो, सगळे हसतात, खड्डा तिथेच. हसण्यानं राग शमतो, आणि शमलेला राग महापालिकेच्या दारात जात नाही.

याच्या शेजारी कोल्हापूरचं टोलविरोधी आंदोलन ठेवून पाहावं. शहरातल्या सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांचा खासगीकरणातून झालेला प्रकल्प आणि त्यासाठी शहराच्या वेशींवर उभे राहिलेले टोलनाके, यांच्याविरुद्ध कोल्हापूर काही वर्षं झुंजलं. एन. डी. पाटील, गोविंद पानसरे यांच्यासारखी वयानं थकलेली, पण बोलण्यात स्वच्छ माणसं सर्वपक्षीय कृती समितीच्या पुढे होती. पेठांमधल्या तालमी आणि तरुण मंडळं त्यांच्या मागे होती. आंदोलनाचं म्हणणं ‘टोल देणार नाही’ या तीन शब्दांत मावत होतं. त्यात कोटी नाही, चिमटा नाही, दुसरा अर्थ नाही. रिक्षावाल्यापासून वकिलापर्यंत कुणालाही ते जसंच्या तसं म्हणता येत होतं, आणि म्हणणाऱ्याला नाक्यावर गाडी थांबवून ते पाळावं लागत होतं. जानेवारी २०१४ मध्ये नाके पेटवले गेले, तो भाग समर्थनीय नव्हता. पण बैठका, महामोर्चे आणि नकार यांची साखळी तुटली नाही आणि २०१५ च्या अखेरीस सरकारला कोल्हापूरचा टोल रद्द करावा लागला. पानसरे तो दिवस पाहायला नव्हते. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. त्यांच्या सर्वांत गाजलेल्या पुस्तकाचं नावही ‘शिवाजी कोण होता?’ असा साधा प्रश्न होता, आणि पुस्तकात त्याचं साधं उत्तर होतं. बोललेल्या शब्दाच्या मागे उभं राहणं किती महाग पडू शकतं, हे या शहराइतकं कुणाला माहीत असणार? तरीही इथल्या लोकांना जे मिळालं ते अशाच शब्दांनी मिळालं.

समाजमाध्यमं आली म्हणजे सरळ बोलणं संपलंच, असंही नाही. नांदणीच्या जैन मठातली माधुरी हत्तीण जुलै २०२५ मध्ये न्यायालयाच्या आदेशानं गुजरातला हलवली गेली. तिला परत आणावं म्हणून कोल्हापूर जिल्हा पेटून उठला तो मुख्यतः फोनवरूनच. लोकांनी सह्या केल्या, निषेध म्हणून सिमकार्डं बदलली, ऑगस्टच्या सुरुवातीला नांदणीहून जिल्हाधिकारी कार्यालयापर्यंत पायी मोर्चा काढला. त्या हत्तिणीसाठी काय योग्य, याबद्दल दोन मतं असू शकतात. पण त्या आठवड्यात तरुणांच्या स्टेटसवर जे होतं ते उघडं दुःख आणि उघडी मागणी होती, आणि कुणाला त्याचा संकोच वाटला नाही. पंचगंगेच्या पुरातही हेच दिसतं. राजाराम बंधाऱ्यावर पाणी ३९ फुटांची इशारा पातळी ओलांडून ४३ फुटांच्या धोका पातळीकडे सरकायला लागलं, की ग्रुपवरची भाषा एका रात्रीत बदलते. ‘इन्सुलिन पाहिजे’, ‘बोट कुठे आहे’, ‘म्हातारी माणसं दोन, वरच्या मजल्यावर’. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात तालमींनी जेवणं पोचवली ती अशा वाक्यांवर. म्हणजे आपल्याला सरळ बोलता येतं. जीव अडकला असेल तेव्हा आपण तेच करतो.

मग जीव अडकलेला आहे, पण पूर दिसत नाही, अशा वेळी काय होतं? मला सर्वांत जास्त काळजी याची वाटते. कॉलेजातली मुलं ‘मरतो आता’, ‘जगून काय उपयोग’ ही वाक्यं दिवसातून दहादा मीमच्या भाषेत लिहितात. मित्र हसरे चेहरे टाकतात, ‘मयताला जेवण काय?’ विचारतात. बहुतेक वेळा ती गंमतच असते. पण ज्या दिवशी ती गंमत नसते, त्या दिवशीही शब्द तेच असतात. पेठेतल्या मुलग्यांना तर रडणं, घाबरणं, एकटं वाटणं यांसाठी दुसरी भाषा घरातून फारशी मिळालेलीच नसते. बाप दम देऊन प्रेम करतो, दादा टोमणा मारून पाठीवर हात ठेवतो. ती पद्धत चालली, कारण कट्ट्यावरच्या चार जणांना पोरगं दोन दिवस दिसलं नाही तर ते घरी जाऊन हाक मारत. फोनवरच्या चारशे जणांत दोन दिवस गप्प राहिलेला कुणाच्या लक्षात येत नाही. टोमणा नात्याच्या उधारीवर चालतो, आणि कधीतरी रोख भरणा करावाच लागतो. तो भरणा म्हणजे एकदा तरी, उलट न बोलता, ‘तुझं काय चाललंय, मला सांग’ असं विचारणं.

जे बाहेरच्यांना सोसावं लागतं तेही यातच येतं. न्यू कॉलेजच्या रस्त्यानं जाणारी मुलगी कट्ट्याच्या मस्करीत सामील नसते, तिला त्या मस्करीचा विषय केलेलं असतं. थॉमस फोर्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत केलेल्या प्रयोगांत दिसलं, की बायकांवरचे विनोद ऐकल्यानंतर, ज्यांच्या मनात आधीच आकस आहे अशी माणसं बायकांना मिळणारी वाईट वागणूक अधिक सहज चालवून घेतात. विनोद आकस निर्माण करत नाही, त्याला बाहेर यायची परवानगी देतो. ‘जोक होता, एवढं काय मनावर घ्यायचं?’ या वाक्यात तर अपराध ऐकणारीचाच ठरतो. बोलणाऱ्यानं बोलायचं आणि सोसणारीनं वर हसून दाखवायचं, हा वाटा कुणी ठरवला? घरातल्या नव्या सुनेला, वर्गातल्या दुसऱ्या जातीच्या मुलाला, तोतरं बोलणाऱ्याला, सगळ्यांना हा वाटा येतो. कट्ट्यावरची जुनी रीत इथे उपयोगी आहे. तिथे ज्याला परतवता येतं त्यालाच चिडवायचं असतं, आणि त्याचा चेहरा पडला की थांबायचं असतं.

ही रीत मोडली आहे ती एकट्या पोरांनी नाही. लहान मुलांना उपरोध साधारण सहाव्या वर्षापासून थोडाथोडा कळायला लागतो, आणि त्यातली गंमत कळायला आणखी काही वर्षं जातात, हे बालमानसशास्त्रात पुन्हापुन्हा दिसून आलं आहे. म्हणजे चार-पाच वर्षांच्या मुलाच्या हातून दूध सांडल्यावर ‘वा, फार छान केलंस’ म्हणणारी घरातली मोठी माणसं त्याच्याशी त्याला न कळणाऱ्या भाषेत बोलत असतात. त्याला शब्द कौतुकाचे ऐकू येतात आणि चेहरा रागाचा दिसतो. मैदानावरही तेच. पेटाळ्यावर फुटबॉल शिकणाऱ्या आठ वर्षांच्या पोराचा चेंडू खांबाच्या बाहेरून गेला आणि ‘काय गोल मारलास रं, जगात भारी’ अशी आरोळी आली, तर बाकीची पोरं हसतात आणि हे पोरगं पुढच्या वेळी चेंडू आपल्याकडे येऊच नये असं बघतं. ‘डावा पाय चेंडूच्या शेजारी ठेव, मग मार’ एवढं सांगितलं तर ते लगेच करून बघतं. चुकलं तर परत विचारतं. आणि कधीतरी चेंडू जाळीत गेला की ‘जगात भारी’ म्हणायला तेच शब्द पूर्ण वजनाचे उरलेले असतात.